जागा घ्यावी कुठे? स्थावर मालमत्तेतील पहिल्या गुंतवणुकीचा हिशेब

मध्यमवर्गीय मराठी कुटुंबात सोने आणि मुदत ठेव यांच्या पाठोपाठ गुंतवणुकीचा विचार येतो तो सदनिकेचा किंवा जमिनीचाच, आणि राहत्या घराचे कर्ज फिटून हाती थोडी शिल्लक राहू लागली की ‘कुठे घ्यावे’ हा प्रश्न आप्तांना, सहकाऱ्यांना आणि दलालाला विचारला जातो. त्याआधी विचारावयाचा प्रश्न मात्र बहुधा राहून जातो, तो असा की घातलेला पैसा परत कोणत्या वाटेने यावयाचा आहे. स्थावर मालमत्तेतून पैसा दोनच वाटांनी येतो: एक दरमहाचे भाडे आणि दुसरी भांडवली वाढ, म्हणजे विक्रीच्या वेळी खरेदी किमतीहून जास्त मिळणारी रक्कम. यांपैकी भाडे आजच्या आज तपासून पाहता येते, तर वाढ ही अखेरपर्यंत अपेक्षाच असते. तरीही नवखा खरेदीदार भाड्याची चौकशी ओझरती करतो आणि वाढीच्या भरवशावर आयुष्यातील सर्वांत मोठे कर्ज काढतो.

उदाहरणादाखल पुण्याच्या उपनगरातील बांधकाम चालू असलेली ६० लाखांची सदनिका घेतली, तर किमतीखेरीज मुद्रांक शुल्क व स्थानिक अधिभार मिळून ७ टक्के म्हणजे ४ लाख २० हजार, नोंदणी फी ३० हजार आणि ५ टक्के वस्तू व सेवा कर म्हणजे ३ लाख, असे साडेसात लाख रुपये जास्तीचे पडतात. बांधकाम पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यानंतर खरेदी केल्यास हा कर लागत नाही आणि खरेदीदार स्त्री असल्यास निवासी सदनिकेच्या मुद्रांक शुल्कात एक टक्क्याची सवलत मिळते. पण शुल्काची व नोंदणीची रक्कम सामान्यतः बँकेच्या कर्जात धरली जात नसल्याने ती गाठीशी असावीच लागते. आता ४५ लाखांचे कर्ज साडेआठ टक्के व्याजाने २० वर्षांसाठी घेतले तर मासिक हप्ता सुमारे ३९ हजार रुपये बसतो. ताबा मिळाल्यावर अशा सदनिकेला १५ हजार भाडे येते असे धरले, वर्षातील एक महिना ती रिकामी राहील असे गृहीत धरले आणि सोसायटीची देखभाल वर्गणी व मिळकतकर वजा केला, तर हाती उरणारे उत्पन्न एकूण खर्चाच्या दोन टक्क्यांच्याही आत राहते. उरलेली सारी भिस्त मग किंमत वाढण्यावर, आणि ‘दहा वर्षांत दुप्पट’ हे दलालांच्या तोंडचे वाक्य ऐकण्यास कितीही भारी वाटले तरी त्याचा अर्थ सालिना ७.२ टक्के वाढ एवढाच होतो, जी कर्जाच्या व्याजाहून कमी आहे. हा हिशेब मांडल्यावरही खरेदी करणे योग्य ठरू शकते, परंतु तेव्हा ती डोळे उघडे ठेवून केलेली असते.

जागा निवडताना भाड्याचा आकडा महत्त्वाचा ठरतो तो याच कारणाने, कारण भाडे हे त्या परिसरात आज कोण राहू इच्छितो आणि त्यासाठी किती मोजतो याची साक्ष असते, तर विक्रीच्या दरात इतर गुंतवणूकदारांच्या आशाही मिसळलेल्या असतात. दोन परिसरांत चौरस फुटाचा दर सारखा असून एकात भाडे दीडपट मिळत असेल, तर दुसऱ्या परिसरातील दर राहणाऱ्यांनी नव्हे, तर विकत घेऊन कुलूप लावणाऱ्यांनी चढवलेला आहे, असे समजण्यास हरकत नाही. यासाठी फार मोठे संशोधन लागत नाही. कामाच्या दिवशी रात्री नऊच्या सुमारास इमारतीसमोर उभे राहून किती खिडक्यांत दिवे आहेत हे पाहावे, सुरक्षारक्षकाला पाण्याचे टँकर दिवसाला किती येतात ते विचारावे, आणि शक्य झाल्यास सोसायटीच्या वार्षिक जमाखर्चात टँकरवर किती रक्कम पडली आहे ते वाचावे. पुण्याच्या पश्चिमेस बाणेर-बालेवाडीत आणि पूर्वेस वाघोलीत टँकरचा खर्च हा अनेक सोसायट्यांच्या देखभाल वर्गणीचा ठळक भाग झालेला आहे, आणि तो शेवटी मालकाच्याच खिशातून जातो. तसेच परिसराचे भाडेकरू एकाच व्यवसायावर पोसलेले आहेत काय, हेही पाहावे. २०२० मध्ये संगणक कंपन्यांचे कर्मचारी घरून काम करू लागले आणि गावोगावी परतले, तेव्हा हिंजवडीसारख्या भागांत सदनिका रिकाम्या पडल्या व भाडी उतरली, परंतु मालकांच्या कर्जाचे व्याज चालूच राहिले.

नवख्या खरेदीदाराला सर्वाधिक मोह पडतो तो घोषित प्रकल्पांचा. नवी मुंबई विमानतळाला केंद्राची तत्त्वतः मंजुरी मिळाली २००७ मध्ये, भूमिपूजन झाले फेब्रुवारी २०१८ मध्ये, उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी आणि प्रवासी विमाने उडू लागली त्याच वर्षीच्या डिसेंबरात. म्हणजे मंजुरीपासून पहिल्या उड्डाणापर्यंत अठरा वर्षे गेली, आणि या संपूर्ण काळात पनवेल-उलवे पट्ट्यातील जाहिरातींतून विमानतळ हाकेच्या अंतरावर आणि लवकरच सुरू होणारा असाच होता. प्रकल्प खोटा नव्हता, तो उभा राहिला. परंतु घोषणेच्या दिवशीच विक्रेता त्याची किंमत दरात मिळवून घेतो आणि पुढची वाट पाहण्याचा खर्च खरेदीदार व्याजाच्या रूपाने भरतो, हे तेथे स्पष्ट दिसते. म्हणून पहिल्या खरेदीपुरता तरी एक कठोर नियम पाळणे हिताचे आहे: जो रस्ता, जी मेट्रो, जी जलवाहिनी प्रत्यक्ष चालू आहे तिचीच किंमत द्यावी आणि नकाशावरील तुटक रेषेची देऊ नये.

नकाशावरील काही रेषा मात्र जाहिरातीत कधीच दाखवल्या जात नाहीत, आणि त्याच पाहणे सर्वांत आवश्यक असते. नदीकाठच्या जमिनींसाठी जलसंपदा विभाग दोन पूररेषा आखतो. साधारणतः पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी दाखवणारी निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा, आणि निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई असते. पिंपरी-चिंचवडमधील चिखली येथे इंद्रायणीच्या निळ्या पूररेषेत भूखंड घेऊन लोकांनी बंगले बांधले, ते प्रकरण राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि मे २०२५ मध्ये महापालिकेने ३६ बंगले जमीनदोस्त केले. नदीचे सान्निध्यच बंगल्यांच्या मुळावर आले. विकास आराखड्याची प्रत व पूररेषेचा नकाशा महापालिकेच्या नगररचना विभागात पाहता येतो, आणि शाळा, रस्ता, उद्यान किंवा मैलाशुद्धीकरण केंद्र यांसाठीचे आरक्षण आपण घेत असलेल्या जमिनीच्या गटावर आहे काय, हेही तेथेच कळते.

कागदपत्रांच्या बाबतीत दोन गैरसमज फार खोल रुजलेले आहेत. पहिला असा की सातबारावर नाव चढले म्हणजे मालकी पक्की झाली. सातबारा हा गाव नमुना सात आणि बारा यांचा मिळून होणारा महसुली अभिलेख असून, नमुना सातमध्ये भोगवटादाराचे नाव, क्षेत्र व इतर हक्क, तर बारामध्ये पिकांची नोंद असते. मालकीचा अंतिम निवाडा तो करीत नाही. त्यातील ‘इतर हक्क’ या रकान्यात कूळ, बँकेचा बोजा, वारसांचा हक्क किंवा चालू दाव्याची नोंद लपलेली असते, आणि जमीन भोगवटादार वर्ग २ ची असेल तर सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीवाचून ती विकता येत नाही. याच ठिकाणी गुंठेवारीचा सापळा असतो. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, आणि १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याने शेतजमिनीचे ठरावीक मर्यादेहून लहान तुकडे पाडण्यास बंदी असल्यामुळे दोन-तीन गुंठे विकणारा मनुष्य दहा खरेदीदारांची नावे एकाच सातबारावर सामाईक म्हणून चढवतो. यात प्रत्येकाचा तुकडा कोठे सुरू होतो आणि त्याला रस्ता कोठून, हे कोणत्याच सरकारी मोजणीत नसते. २०२५ मध्ये शासनाने निवासी क्षेत्रांपुरती या कायद्यात सवलत दिली असली, तरी ती आपल्या गटाला लागू आहे की नाही, हे लेखी पाहिल्यावाचून पैसे देऊ नयेत. शिवाय शेतकरी नसलेल्या व्यक्तीला शेतजमीन घेण्यास कूळ कायद्याच्या कलम ६३ नुसार जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते.

दुसरा गैरसमज असा की महारेराचा, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाचा, नोंदणी क्रमांक असला म्हणजे प्रकल्प निर्धोक झाला. १ मे २०१७ पासून पूर्णपणे अमलात आलेल्या स्थावर संपदा कायद्याने ग्राहकाची बाजू पुष्कळ बळकट केली. जाहिरात व विक्रीआधी नोंदणी सक्तीची झाली, ग्राहकांकडून आलेल्या रकमेपैकी ७० टक्के स्वतंत्र खात्यात ठेवणे बंधनकारक झाले, आणि विक्री चटई क्षेत्रावर, म्हणजे भिंतींच्या आतल्या वापरण्याजोग्या क्षेत्रावर, होऊ लागली. तरीही कल्याण-डोंबिवलीत ६५ इमारतींनी महापालिकेच्या बनावट परवानग्या दाखवून ही नोंदणी मिळवल्याचे उघड झाले आणि उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचा आदेश दिला, तेव्हा राहणाऱ्या कुटुंबांकडे नोंदणीकृत करार होते, बँकांची कर्जेही होती. म्हणून महारेराच्या संकेतस्थळावरील बांधकाम परवानगीचा क्रमांक घेऊन महापालिकेत तो खरा आहे काय, हे विचारणे अगत्याचे ठरते. तयार इमारत असेल तर भोगवटा प्रमाणपत्र आणि जमिनीचे अभिहस्तांतरण, म्हणजे विकासकाकडून सोसायटीच्या नावे जमीन झाल्याचा दस्त, हे दोन कागद मागावेत; जुन्या इमारतीच्या पुनर्विकासाचा सगळा लाभ या दुसऱ्या कागदावर अवलंबून असतो आणि राज्यातील असंख्य सोसायट्यांकडे तो अद्याप नाही.

एवढे भांडवल किंवा एवढी यातायात झेपणारी नसेल, तर ‘रीट’ हा मार्ग उपलब्ध आहे. सेबीच्या २०१४ च्या नियमांखाली चालणारे हे विश्वस्त निधी मुख्यतः भाड्याने दिलेल्या कार्यालयीन इमारती बाळगतात, २०१९ पासून शेअर बाजारात त्यांचे युनिट मिळतात, आणि वाटपयोग्य उत्पन्नाचा किमान ९० टक्के भाग त्यांना युनिटधारकांत वाटावा लागतो. त्यांची किंमत बाजाराबरोबर खालीही येते, पण पैसे मोकळे करण्यास गिऱ्हाईक शोधत वर्षभर हिंडावे लागत नाही.

ज्यांना प्रत्यक्ष जागाच घ्यावयाची आहे त्यांनी इसाराची पावती फाडण्याआधी, नंतर नव्हे, स्वतः नेमलेल्या वकिलाकडून मागील तीस वर्षांच्या दस्तांचा शोध अहवाल घ्यावा. विक्रेत्याने सुचवलेला वकील त्यासाठी चालत नाही, आणि अहवाल येईपर्यंत थांबण्यास विक्रेता राजी नसेल तर तो व्यवहार सोडून द्यावा.