लाखाचा थर्मोमिक्स : घ्यायचा का?

जर्मनीच्या फोरवेर्क कंपनीने १९७१मध्ये पहिला थर्मोमिक्स, म्हणजे स्वयंपाकाचं यंत्र, बाजारात आणला. त्याचा २०१९चा नमुना टीएम६ कापतो, वाटतो, कणीक मळतो, वाफवतो, ढवळत शिजवतो, वजनही करतो. भारतात किंमत लाखाच्या वर.

खरी गोम भांड्यात आहे. ते एकच, २.२ लिटरचं. आमटी उकळत असताना त्यात चटणी वाटता येत नाही, म्हणजे मिक्सर राहतोच. पोळ्या लाटणं-भाजणं, पुऱ्या तळणं त्याच्या आवाक्याबाहेर. हाताने तापमान लावायचं तर मर्यादा १२० अंशांच्या आसपास. १६० अंश फक्त त्याच्या ठरावीक पाककृतींत मिळतात. त्या पाककृतींच्या ‘कुकिडू’ सेवेची वर्गणी दरवर्षी वेगळी भरावी लागते. (हा खर्च बहुतेकजण धरतच नाहीत.)

सतत ढवळावं लागतं तिथे मात्र तो तरबेज: कस्टर्ड, व्हाइट सॉस, सूप. हे पदार्थ आठवड्यातून तीन-चारदा होत नसतील, तर चांगला मिक्सर, कुकर आणि वजनकाटा यांत काम भागतं.

विक्रीआधी घरी प्रात्यक्षिक दाखवतात. तेव्हा सूप नको. चार माणसांचा रोजचा स्वयंपाक करायला सांगा आणि घड्याळ लावा. भांडं धुण्याचा वेळही त्यात धरा.