गाडी परत आणणारा ड्रायव्हर

कांदिवली पूर्वेला महिंद्रचा कारखाना आणि लष्कराचा सेंट्रल ऑर्डनन्स डेपो एकमेकांपासून फार लांब नाहीत. ही शेजारदारी योगायोगाची म्हणा, पण जीपचं आणि फौजेचं नातं जुनंच आहे. महिंद्रने १९४७ मध्ये ज्या विलीज जीपची जुळणी भारतात सुरू केली, ती जन्मली होती दुसऱ्या महायुद्धासाठी. आज तिची नात थार बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये उभी असते. जाडजूड टायर, टपावर दिवे, पुढे विंच. आणि आयुष्यात चढलेला सगळ्यात अवघड घाट म्हणजे मॉलच्या पार्किंगचा रॅम्प!

या थारवाल्यांपैकीच काहीजण मात्र पावसाळ्यात पहाटे उठून आडरानात गाडी घालायला लोणावळा, कर्जत, इगतपुरीकडे निघतात. महिंद्रने १९९० च्या दशकात सुरू केलेला ‘ग्रेट एस्केप’ हा ऑफ-रोड मेळावा, पुढे इगतपुरीजवळ काढलेली ऑफ-रोड प्रशिक्षण संस्था आणि २०१४ पासून गोव्यात भर पावसात होणारी ‘रेनफॉरेस्ट चॅलेंज’ यांनी हा नाद आपल्याकडे रुजवला. पैसेवाल्यांचा चिखलखेळ म्हणून नाक मुरडायला हरकत नाही. पण हा खेळ बराचसा बराकीत वाढला आहे, हे नाक मुरडणाऱ्यांना सहसा ठाऊक नसतं.

‘इंटरनॅशनल सिक्स डेज ट्रायल’ ही मोटारसायकलींची स्पर्धा १९१३ पासूनची. सहा दिवस आडवाटांनी जायचं, आणि गाडी बिघडली तर स्वाराने ती स्वतःच दुरुस्त करायची. निरोप घेऊन आघाडीवर जाणाऱ्या शिपायाकडून सैन्याला नेमकं हेच हवं होतं. १९३९ च्या ऑगस्टमध्ये ही स्पर्धा साल्झबर्गला भरली, तेव्हा ब्रिटिश लष्कराचे संघ तिथे उतरले होते. स्पर्धा संपायच्या आत त्यांना माघारी बोलावण्यात आलं. आठवडाभरात युद्ध पेटलं. जर्मनीत नाझी पक्षाची एनएसकेके ही मोटार संघटना आडरानातल्या शर्यतींच्या मिषाने सैन्यासाठी ड्रायव्हर घडवत होती. सोव्हिएत संघात १९५१ नंतर दोसाफ या संस्थेने तेच केलं, मोटोक्रॉसच्या क्लबांमधून.

आपल्या फौजेत मोटारसायकल म्हटलं की डोळ्यांसमोर येतो तो चालत्या गाडीवरचा माणसांचा मनोरा. सिग्नल्सचे ‘डेअर डेव्हिल्स’ १९३५ पासूनचे, आर्मी सर्व्हिस कोअरचे ‘टॉर्नेडोज’ १९८२ चे. टॉर्नेडोजनी २०१७ मध्ये बेंगळुरूजवळच्या येलहंका विमानतळावर एका बुलेटवर ५८ जण बसवून विक्रम केला. टाळ्या द्याव्यात असंच ते काम. तरीही माझ्या मते ही कवायत झाली, लढाईची तालीम नव्हे. धावपट्टी सपाट असते, आणि पुढे काय आहे ते सगळं दिसत असतं.

तालीम होते ती ‘रेड दी हिमालय’सारख्या स्पर्धेत. ती १९९९ मध्ये सुरू झाली आणि लष्करी संघही तिच्यात उतरत आले. ऑक्टोबरात हिमालयातल्या खिंडी ओलांडायच्या. विरळ हवेत इंजिनाचा दम जातो आणि माणसाचाही. रणगाड्यांचीही अशी स्पर्धा रशियात भरत असे. तिथे २०१७ मध्ये आपले टी-९० बिघडले आणि संघ बाहेर पडला. चारचौघांत झालेली ही शोभा बोचली असणार, पण बिघाड प्रत्यक्ष युद्धात कळण्यापेक्षा तिथे कळलेला बरा. दोनच वर्षांनी जैसलमेरला आपण भरवलेल्या ‘आर्मी स्काऊट मास्टर्स’ या टेहळणी पथकांच्या स्पर्धेत भारत पहिला आला.

या स्पर्धांमधून वेग शिकायला मिळतो, हा मोठा गैरसमज आहे. मोटारसायकलच्या ट्रायल्स प्रकारात घड्याळापेक्षा पायाला महत्त्व. दगडगोट्यांतून जाताना पाय जमिनीला टेकला की दंडाचा गुण; अडकलात किंवा पडलात तर थेट पाच. टीएसडी म्हणजे टाइम-स्पीड-डिस्टन्स रॅलीत उशिरा पोचण्याला दंड आहे तसा लवकर पोचण्यालाही. पुण्याचे संजय टकले २०२५ मध्ये ज्या डकार क्लासिक रॅलीत उतरले, तिथेही सारा हिशेब सुसाट सुटण्यापेक्षा ठरल्या वेळेचा. रसद नेणाऱ्या ताफ्याची शिस्त याहून वेगळी काय असते?

चारचाकीची पहिली शिकवणी तर अंगठ्यापासून सुरू होते. अंगठा स्टिअरिंगच्या आत अडकवायचा नाही, चाकावर बाहेरूनच ठेवायचा. पुढचं चाक दगडावर आपटलं की स्टिअरिंग उसळून अंगठा मोडू शकतो. मग चाकातली हवा कमी करायची, म्हणजे टायर पसरून मातीवर पकड घेतो. विंचच्या ताणलेल्या दोरावर जाड घोंगडी किंवा ओली गोणी टाकायची, कारण दोर तुटला तर तो चाबकासारखा उलटा येतो. आणि पुढे उभा असलेला स्पॉटर हात वर करून थांब म्हणाला की थांबायचं, आपल्याला काहीही वाटत असलं तरी. हौशी माणसाला हे शेवटचं सगळ्यात जड जातं. शिपायाला ते आधीच येत असतं. त्याला इथे सवय लागते ती ऐन वेळी स्वतः वाट शोधण्याची.

सप्टेंबर १९६५ मध्ये असल उत्तरच्या उसाच्या रानात अब्दुल हमीद यांनी जीपवरच्या रिकॉइललेस तोफेने पाकिस्तानी रणगाडे टिपले. अशी तोफ डागली की मागे धुळीचा लोट उठतो आणि ठिकाणा उघडा पडतो. जीप तिथून तत्काळ, मिळेल त्या वाटेने हलवावीच लागते. हमीद यांना परमवीरचक्र मिळालं. जीपचं चाक ज्याच्या हाती होतं, त्याचं नाव आपण घेत नाही.

हे सगळं उपनगरातल्या माणसाने का वाचावं? २६ जुलै २००५ आठवा. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. अंधेरी सबवे तर अजूनही दर पावसाळ्यात भरतो. पाण्यातून गाडी लो गिअरमध्ये, एका संथ गतीने न्यायची. मध्येच बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारायचा नाही, इंजिनात पाणी शिरलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो. आडरानातल्या स्पर्धेत पहिल्याच दिवशी शिकवतात ते हेच. सैनिकाइतकीच त्याची गरज बचावाच्या गाड्या चालवणाऱ्यांनाही आहे.

गोरेगावला राज्य राखीव पोलीस दलाचा तळ आहे, तळेगावजवळ सुदुंबऱ्याला एनडीआरएफची बटालियन आहे. लोणावळ्या-इगतपुरीला पावसाळी मेळावे भरवणाऱ्या क्लबांना एवढंच सुचवतो की दर वर्षी काही जागा या ड्रायव्हरांसाठी राखून ठेवा, फी घेऊ नका, आणि गाडी त्यांची त्यांना आणू द्या.