निऑन टेट्रा : थव्याने जगणारा मासा
पश्चिम ॲमेझॉन खोऱ्यातील सावलीने झाकोळलेल्या संथ ओढ्यांत थव्याने राहणारा, जेमतेम ३ सेंटीमीटर लांबीचा निऑन टेट्रा १९३६ साली शास्त्रीयदृष्ट्या वर्णिला गेला. त्याच्या अंगावरील निळा पट्टा रंगद्रव्याचा नसून त्वचेतील ग्वानिनच्या सूक्ष्म स्फटिकांवरून परावर्तित होणाऱ्या प्रकाशाचा असतो आणि रात्री अंधारात तो फिका पडतो. हा मासा टाकीत पाळणाऱ्या नवख्या पालकाने या फिकेपणास आजार समजू नये. एकटादुकटा निऑन भेदरून कोपऱ्यात दडतो, म्हणून किमान ६, शक्यतो १० मासे एकत्र ठेवणेच न्याय्य होय. टाकी नवी असल्यास, विष्ठेतून निर्माण होणाऱ्या विषारी अमोनियाचे तुलनेने निरुपद्रवी नायट्रेटमध्ये रूपांतर करणारे जीवाणू फिल्टरमध्ये रुजेपर्यंत, म्हणजे साधारण ४ ते ६ आठवडे, मासे आणू नयेत.