सॉफ्टवेअर डिप्लॉयमेंटची कार्यक्षमता आणि मोजता येण्याजोगी उद्दिष्टे : एक विवेचन

प्रस्तावना :

प्रोग्रॅम लिहून पूर्ण झाला म्हणजे काम संपले, असा सर्वसाधारण समज असतो. प्रत्यक्षात लिहिलेला प्रोग्रॅम तपासणे, ज्या संगणकांवर लोकांचे दैनंदिन व्यवहार चालतात त्यांवर तो बसविणे आणि तेथे तो नीट चालतो याची खात्री करून घेणे हा एक स्वतंत्र व जोखमीचा टप्पा असतो. या टप्प्यास सॉफ्टवेअर डिप्लॉयमेंट असे म्हणतात. बँक, विमानसेवा, रुग्णालय, विद्यापीठ यांचे कामकाज आज संगणकप्रणालीवर अवलंबून असल्याने या टप्प्यावरील चुकीची झळ प्रोग्रॅम लिहिणाऱ्याच्या आधी खिडकीपुढे उभ्या असलेल्या सामान्य माणसास बसते.

‘डिप्लॉयमेंट जलद करावे’, ‘चुका कमी कराव्यात’ अशी वाक्ये अनेक संस्थांच्या वार्षिक आराखड्यांत आढळतात. या सदिच्छा होत. त्यांना उद्दिष्टे म्हणता येणार नाही. उद्दिष्टांद्वारे व्यवस्थापनाची कल्पना पीटर ड्रकर यांनी १९५४ मध्ये मांडली. जॉर्ज डोरान यांनी १९८१ मध्ये ‘स्मार्ट’ हे सूत्र दिले आणि उद्दिष्ट नेमके, मोजता येण्याजोगे व कालबद्ध असावे हा विचार सर्वदूर पोहोचला. तथापि आकडा घातला म्हणजे उद्दिष्ट चांगले झाले असे नाही. आकडा ठरविण्यापूर्वी मोजमापाची व्याख्या ठरवावी लागते आणि ती व्याख्या सेवा वापरणाऱ्याच्या बाजूने केलेली असावी लागते, हे प्रस्तुत लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

१. वेगाविषयीचा जुना समज :

प्रत्येक डिप्लॉयमेंटमध्ये धोका असतो, म्हणून ते शक्य तितके क्वचित करावे, असा विचार सॉफ्टवेअर व्यवसायात दीर्घकाळ रूढ होता. नवी आवृत्ती कित्येक महिन्यांनी एकदा येई. त्यामुळे अनेक बदल साचून एकदम वापरात येत. बिघाड झाल्यास तो नेमक्या कोणत्या बदलामुळे झाला हे शोधणे कठीण होई. या अनुभवाने भीती वाढे आणि पुढील डिप्लॉयमेंट आणखी लांबणीवर पडे.

या समजास जून २००९ मध्ये जाहीर आव्हान मिळाले. फ्लिकर या छायाचित्रांच्या संकेतस्थळाचे जॉन ऑलस्पॉ व पॉल हॅमंड यांनी ‘व्हेलॉसिटी’ परिषदेत आपल्याकडे दिवसाला दहाहून अधिक वेळा डिप्लॉयमेंट होते, असे सांगितले. त्याच वर्षी ऑक्टोबर महिन्यात पॅट्रिक डेब्वा यांनी बेल्जियममधील गेन्ट येथे ‘डेव्हऑप्स डेज’ ही परिषद भरविली. यामागील तत्त्व साधे आहे. बदल लहान असेल तर तो तपासणे सोपे, त्यातील दोष शोधणे सोपे आणि प्रसंगी तो मागे घेणेही सोपे.

२. चार मापके :

निकोल फोर्सग्रेन, जेझ हंबल व जीन किम यांनी अनेक वर्षांच्या सर्वेक्षणांच्या आधारे २०१८ मध्ये ‘ॲक्सिलरेट’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात पुढील चार मापके सांगितली आहेत.

(अ) बदलाचा कालावधी : प्रोग्रॅममधील बदल नोंदविल्यापासून तो प्रत्यक्ष वापरात येईपर्यंत लागणारा वेळ.
(आ) वारंवारता : ठरावीक काळात किती वेळा डिप्लॉयमेंट होते.
(इ) अपयशाचे प्रमाण : एकूण डिप्लॉयमेंटपैकी कितींमुळे सेवेत बिघाड होऊन तातडीची दुरुस्ती करावी लागते.
(ई) सेवा पूर्ववत होण्याचा काळ : बिघाडानंतर सेवा पुन्हा सुरू होण्यास लागणारा वेळ.

पहिली दोन मापके वेग दर्शवितात, तर उरलेली दोन स्थैर्य. वेग वाढला की स्थैर्य घटते, ही सामान्य धारणा या सर्वेक्षणांतून पुष्ट झाली नाही. ज्या संस्था वेगात पुढे होत्या, त्या बहुधा स्थैर्यातही पुढे असल्याचे आढळून आले. म्हणून या मापकांचा विचार जोडीनेच करावा लागतो.

३. नाइट कॅपिटल : न मोजलेली एक साधी संख्या :

मापकाच्या अभावी काय घडू शकते, याचे ठळक उदाहरण अमेरिकेतील नाइट कॅपिटल या शेअर दलाली संस्थेचे आहे. १ ऑगस्ट २०१२ रोजी न्यूयॉर्क शेअर बाजारात किरकोळ गुंतवणूकदारांसाठी एक नवी योजना सुरू होणार होती. त्यासाठी संस्थेने नवा प्रोग्रॅम आठ सर्व्हरवर बसवावयाचा होता. तो सातच सर्व्हरवर बसला. आठव्यावर जुना प्रोग्रॅम राहिला. त्यातील २००३ पासून वापरात नसलेला एक भाग नव्या प्रोग्रॅमने वापरलेल्या त्याच खुणेमुळे जागा झाला आणि त्याने खरेदी-विक्रीच्या मागण्या अखंड पाठविण्यास सुरुवात केली. सुमारे ४५ मिनिटांत ४० लाखांहून अधिक सौदे झाले. संस्थेस ४६ कोटी डॉलरहून अधिक तोटा झाला. गोंधळात कर्मचाऱ्यांनी उरलेल्या सात सर्व्हरवरून नवा प्रोग्रॅम काढून टाकला, त्यामुळे तेथेही तोच दोष उद्भवला. ऑक्टोबर २०१३ मध्ये अमेरिकेच्या रोखे व बाजार आयोगाने १.२ कोटी डॉलरचा दंड केला. परंतु तत्पूर्वीच संस्थेचे गेटको या कंपनीशी विलीनीकरण होऊन तिचे स्वतंत्र अस्तित्व संपले होते.

आयोगाच्या आदेशानुसार एका तंत्रज्ञाने केलेले काम दुसऱ्याने पडताळावे असा लेखी नियम तेथे नव्हता. ‘आठपैकी किती सर्व्हरवर एकच आवृत्ती आहे?’ हा प्रश्न बाजार उघडण्यापूर्वी एखाद्या लहानशा प्रोग्रॅमनेही विचारता आला असता. त्याचे उत्तर ‘सात’ असे येताच काम थांबले असते. मोजता येण्याजोगे उद्दिष्ट नेहमीच गुंतागुंतीचे असते असे नाही, हे यावरून स्पष्ट होते.

४. वेळ कोणाच्या घड्याळाने मोजावी?

दुसरे उदाहरण अलीकडचे आहे. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने आपल्या ग्राहकांच्या विंडोज संगणकांवर एक सदोष अद्ययावत फाइल पाठविली. संगणक बंद पडू लागल्यावर कंपनीने ती फाइल ७८ मिनिटांत मागे घेतली. कंपनीच्या दृष्टीने पाहता हा कालावधी वाईट म्हणता येणार नाही. परंतु तोवर, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, सुमारे ८५ लाख संगणक बाधित झाले होते. बंद पडलेल्या संगणकांपैकी पुष्कळ संगणकांपाशी प्रत्यक्ष जाऊन हाताने दुरुस्ती करावी लागली. अनेक देशांत रुग्णालयांची व विमानतळांची कामे खोळंबली. भारतात काही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. अमेरिकेतील डेल्टा विमानसेवेस तर पूर्वपदावर येण्यास काही दिवस लागले.

येथे ‘सेवा पूर्ववत होण्याचा काळ’ किती धरावा? पाठविणाऱ्याच्या घड्याळाने ७८ मिनिटे, तर वापरणाऱ्याच्या घड्याळाने कित्येक तास किंवा दिवस. मापकाचे नाव एकच असूनही व्याख्येनुसार उत्तर पूर्णपणे बदलते. घटनेनंतर कंपनीने असे बदल टप्प्याटप्प्याने, प्रथम थोड्या संगणकांवर पाठविण्याचे जाहीर केले. ‘दोष लक्षात येण्यापूर्वी जास्तीत जास्त किती संगणकांपर्यंत बदल पोहोचू द्यावयाचा?’ हेही एक मोजता येण्याजोगे उद्दिष्टच होय.

५. उद्दिष्ट ठरविण्याची रीत :

महाविद्यालयाच्या प्रवेश व परीक्षा प्रणालीचे काम पाहणारा एक काल्पनिक संघ विचारात घेऊ. त्याने प्रथम सद्यःस्थिती मोजावी. समजा, तीन महिन्यांत १२ डिप्लॉयमेंट झाली, त्यांपैकी ३ अयशस्वी ठरली आणि प्रत्येक वेळी सेवा ४ तास बंद राहिली. म्हणजे अपयशाचे प्रमाण २५ टक्के आणि एकूण खंडित काळ १२ तास. एखादा बदल वापरात येण्यास १८ दिवस लागतात. मात्र त्यांतील प्रत्यक्ष तपासणीचे दिवस दोनच, उरलेले १६ दिवस मंजुरीच्या व चाचणीच्या संगणकाच्या प्रतीक्षेत जातात. हे कळल्यावर सुधारणा कोठे करावयाची हे आपोआप ठरते. कर्मचाऱ्यांना अधिक घाईने काम करावयास सांगून हे १६ दिवस कमी होणार नाहीत.

कालावधी मोजताना सरासरीऐवजी मध्यक घेणे इष्ट ठरते. पाच बदलांना अनुक्रमे २, ३, ३, ४ व ३८ दिवस लागले, तर सरासरी १० दिवस येते आणि मध्यक ३ दिवस. सरासरीतील दहा दिवस एकाही बदलाला लागलेले नाहीत. अर्थात ३८ दिवस अडकलेल्या बदलाची स्वतंत्र चौकशी करावी लागते. मध्यकाआड तो दडता कामा नये.

आता समजा, संघाने डिप्लॉयमेंटची संख्या तीन महिन्यांत ६० वर नेली आणि ६ अयशस्वी ठरली. अपयशाचे प्रमाण २५ वरून १० टक्क्यांवर आले; अहवालात ही मोठी प्रगती दिसेल. परंतु बिघाडांची संख्या ३ वरून ६ झाली आहे. प्रत्येक बिघाड पूर्वीप्रमाणे ४ तास टिकला, तर सेवा १२ ऐवजी २४ तास बंद राहील आणि विद्यार्थ्यांचा त्रास दुप्पट होईल. तोच बिघाड अर्ध्या तासात निस्तरता आला, तर एकूण खंडित काळ ३ तासांवर येईल. म्हणून उद्दिष्टाची शब्दयोजना पुढीलप्रमाणे असावी : ‘येत्या सहा महिन्यांच्या अखेरीस बदलाचा मध्यक कालावधी १८ दिवसांवरून ६ दिवसांवर आणावा आणि तीन महिन्यांतील एकूण खंडित काळ १२ तासांवरून ३ तासांवर आणावा. विद्यार्थ्याचे काम अडल्याच्या क्षणापासून ते पुन्हा होऊ लागेपर्यंतचा काळ खंडित धरावा.’ शेवटचे वाक्य सर्वांत महत्त्वाचे आहे. पहाटे तीन वाजताचा एक तास आणि अर्ज भरण्याच्या अंतिम दिवसाचा एक तास सारखे नसतात. तेव्हा शक्य असल्यास अडलेल्या विद्यार्थ्यांची संख्याही नोंदवावी.

वेग व स्थैर्य यांचा मेळ घालण्यासाठी गूगलच्या अभियंत्यांनी २०१६ च्या आपल्या ग्रंथात ‘एरर बजेट’ ही संकल्पना विशद केली. सेवा ९९.९ टक्के काळ उपलब्ध असावी असे ठरविल्यास ३० दिवसांत सुमारे ४३ मिनिटांचा बिघाड क्षम्य ठरतो. ही मिनिटे शिल्लक असेपर्यंत नवे बदल करता येतात. ती संपल्यास नवे बदल थांबवून स्थैर्याकडे लक्ष द्यावयाचे असते. यामुळे वादाची जागा आधीच मान्य झालेला नियम घेतो.

६. मापकांच्या मर्यादा :

मापकालाच लक्ष्य बनविले की ते चांगले मापक राहत नाही, असा आशय ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ मध्ये मांडलेल्या विचाराशी जोडला जातो. संघाचे मूल्यमापन केवळ वारंवारतेवर झाले तर एकाच बदलाचे दहा तुकडे करून संख्या वाढविता येते. केवळ अपयशाच्या प्रमाणावर झाले तर बिघाडाची नोंदच केली जात नाही. अध्यापकवर्गास हे अपरिचित नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० मध्ये शैक्षणिक कामगिरीची गुणांक पद्धती आणल्यानंतर शोधनिबंधांच्या दर्जाविषयी चिंता व्यक्त होऊ लागली आणि २०१८ मध्ये आयोगाला दर्जेदार नियतकालिकांसाठी ‘केअर’ ही व्यवस्था जाहीर करावी लागली.

एडवर्ड्‌स डेमिंग यांनी तर पद्धत न सुधारता कर्मचाऱ्यांपुढे केवळ संख्यात्मक लक्ष्ये ठेवण्यास स्पष्ट विरोध केला होता. त्यांच्या आक्षेपाचे सार लक्षात घेता, ही मापके व्यक्तीच्या वेतनवाढीशी न जोडता कार्यपद्धतीच्या तपासणीसाठी वापरणे श्रेयस्कर होय.

समारोप :

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, डिप्लॉयमेंटची कार्यक्षमता म्हणजे निव्वळ गती नव्हे. सद्यःस्थितीची नोंद, वेग व स्थैर्य यांची जोडी, स्पष्ट व्याख्या आणि निश्चित मुदत ही चांगल्या उद्दिष्टाची अंगे होत. नाइट कॅपिटलमध्ये मोजणीच झाली नव्हती. क्राउडस्ट्राइकच्या बाबतीत मोजणी करणाऱ्याच्या जागेवरून उत्तर बदलत होते. संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांकडून प्रकल्प करवून घेताना प्रोग्रॅम चालतो की नाही एवढेच न पाहता, तो बंद पडल्यास किती वेळात पूर्ववत होतो आणि तोवर कोणाचे काम अडते, हेही त्यांना मोजावयास लावणे आवश्यक आहे.