कोष्टकाचा आलेख होताना

२६ जुलै २००५ या दिवशी मुंबईत किती पाऊस पडला, असे कोणी विचारले तर काय सांगाल? सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. त्याच शहराच्या दक्षिण टोकाला, कुलाब्याच्या वेधशाळेत, तेवढ्याच काळात जेमतेम ७३ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. हे दोन आकडे कोष्टकात एकाखाली एक लिहिले तर ते आपण वाचतो आणि पुढे जातो. परंतु त्यांचे दोन स्तंभ शेजारी शेजारी काढून पाहा. एक स्तंभ दुसऱ्याच्या जवळजवळ तेरा पट उंच होतो, आणि मग आपोआप प्रश्न पडतो : एकाच शहरात एवढा फरक का बरे पडावा? कोष्टकाने माहिती दिली, आलेखाने प्रश्न विचारायला लावले.

बालमित्रांनो, आकड्यांना असे चित्ररूप देण्याची कला फार जुनी नाही. विल्यम प्लेफेअर नावाच्या स्कॉटिश गृहस्थाने १७८६ साली इंग्लंडच्या व्यापाराविषयी एक पुस्तक काढले. त्यात वर्षावर्षांच्या आयात-निर्यातीचे रेषालेख होते. स्कॉटलंडच्या व्यापाराचे मात्र त्याला एकाच वर्षाचे आकडे मिळाले होते. एका वर्षाच्या आकड्यांची रेषा कशी काढणार? तेव्हा त्याने प्रत्येक देशासाठी आयातीची आणि निर्यातीची अशा आडव्या पट्ट्या काढल्या. आज तुम्ही गणिताच्या तासाला जो स्तंभालेख काढता, त्याचा जन्म असा माहितीच्या टंचाईतून झाला! वृत्तालेखही त्याचाच, तो १८०१ साली आला.

प्लेफेअरचे आलेख तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापावे लागत. आज तुमच्या शाळेच्या संकेतस्थळावर पावसाचा आलेख घालायचा असेल, तर ते काम अर्ध्या तासात होते. कसे, ते पाहू.

पुष्कळ संकेतस्थळे वर्डप्रेस या प्रणालीवर चालतात. ही प्रणाली २००३ साली निघाली. लेख लिहिणे, छायाचित्रे लावणे, पाने सांभाळणे ही कामे ती उत्तम करते. आलेख काढणे मात्र तिचे काम नव्हे. शिलाईयंत्र शिवण घालते, पण काज करायचे असेल तर त्याला वेगळा जोड बसवतात ना, तसा येथेही जोड बसवावा लागतो. या जोडाला प्लगिन म्हणतात. कोष्टके नीट मांडणारी प्लगिने आहेत, आलेख काढणारी आहेत, आणि दोन्ही कामे करणारीही आहेत. प्लगिन बसवले की त्याच्या कोष्टकात आकडे भरायचे, आलेखाचा प्रकार निवडायचा, आणि लेखात जेथे आलेख हवा तेथे एक छोटी खूण ठेवायची. वाचकाला ती खूण दिसत नाही. तिच्या जागी आलेख दिसतो. उद्या कोष्टकातला एखादा आकडा बदलला, तर आलेखही बदलतो. तो पुन्हा काढावा लागत नाही.

येथे एक गंमत आहे. आपल्याला वाटते की आलेखाचे तयार चित्र दूरच्या संगणकाकडून आपल्याकडे येते. बहुतेक वेळा तसे नसते. येतात ते आकडे आणि आलेख कसा काढायचा याच्या सूचना. प्रत्यक्ष चित्र वाचकाच्याच संगणकावर किंवा फोनवर, त्याच्या ब्राउझरमध्ये, त्या क्षणी काढले जाते. म्हणून तोच आलेख मोठ्या पडद्यावर ऐसपैस आणि फोनवर आटोपशीर बसतो.

आता तो काढला कसा जातो, हे मुंबईच्या पावसावरच करून पाहू. समजा, पडद्यावर आलेखासाठी ४०० ठिपके उंचीची जागा आहे. सर्वांत मोठा आकडा ९४४ आहे. म्हणून अक्ष ० ते १००० घेऊ. म्हणजे ४०० ठिपक्यांत १००० मिलिमीटर, अर्थात एका ठिपक्याला अडीच मिलिमीटर. आलेखाच्या कागदाच्या कोपऱ्यात तुम्ही ‘प्रमाण’ लिहिता, तेच हे. ९४४ ला अडीचने भागले की सुमारे ३७८ ठिपके आणि ७३ ला भागले की सुमारे २९ ठिपके. झाले दोन स्तंभ! परंतु एक अडचण राहिली. वहीत आपण आरंभबिंदू खाली डाव्या कोपऱ्यात घेतो आणि वर मोजत जातो. संगणकाच्या पडद्यावर मोजणी वरच्या डाव्या कोपऱ्यापासून सुरू होते आणि खाली जाते. सांताक्रूझचा स्तंभ ३७८ ठिपके उंच दिसायचा असेल, तर त्याचा माथा वरून ४०० उणे ३७८, म्हणजे २२ व्या ठिपक्यावर ठेवावा लागतो. कुलाब्याचा माथा येतो ३७१ वर. ही वजाबाकी विसरली तर आलेख डोक्यावर उभा राहील. प्लगिन ती कधी विसरत नाही, आणि त्याचा खरा उपयोग तो हाच.

मग चुका होतच नाहीत का? होतात, पण त्या भागाकार-वजाबाकीच्या नसतात.

पहिली चूक मराठी मुलांच्या वाट्याला हमखास येणारी आहे. कोष्टकात तुम्ही ‘१२’ असे देवनागरी अंक भरले, तर आलेख कोराच राहण्याचा संभव असतो. ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्ट नावाची संगणकभाषा चालते, आणि तिच्या लेखी देवनागरी १२ ही संख्याच नव्हे. ती नुसती अक्षरे. गंमत अशी की पायथन ही दुसरी संगणकभाषा देवनागरी अंक बिनतक्रार वाचते. तेव्हा दोष आपल्या लिपीचा नाही, एवढे लक्षात ठेवा आणि तूर्त कोष्टकात इंग्रजी अंक भरा. स्वल्पविरामाचेही तसेच. एक लाख वीस हजार ही संख्या आपण स्वल्पविराम देऊन लिहितो. जावास्क्रिप्टची संख्या वाचणारी एक आज्ञा पहिल्या स्वल्पविरामापाशीच थांबते, आणि एक लाख वीस हजारांचा नुसता १ होतो! आलेख कोरा राहिला तर चूक निदान कळते. येथे ती कळतही नाही, म्हणून ही अधिक वाईट.

दुसरी गोष्ट रिकाम्या घराची. रविवारी शाळा बंद होती, पर्जन्यमापक कोणी पाहिला नाही, म्हणून त्या दिवसाचे घर कोरे राहिले. आलेख काढणारा कार्यक्रम त्याचे काय करील? तो तेथे शून्य धरील, रेषा तोडून जागा मोकळी सोडील किंवा शनिवार आणि सोमवार सरळ जोडून टाकील. तीन आलेख, तीन निराळ्या गोष्टी! ‘पाऊस पडला नाही’ आणि ‘पाऊस मोजला नाही’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. प्लगिनच्या मांडणीत याविषयीचा पर्याय बहुधा असतो. तो शोधून काढा आणि जागा मोकळी सोडायला सांगा.

तिसरी अक्षाच्या सुरुवातीची. ‘अ’ तुकडीला सरासरी ८२ गुण आणि ‘ब’ तुकडीला ८४ गुण मिळाले. अक्ष ८० पासून सुरू केला तर एक स्तंभ २ घरे उंच आणि दुसरा ४ घरे. पाहणाऱ्याला वाटेल, ‘ब’ तुकडी दुप्पट हुशार! स्तंभालेखात आपण उंचीची तुलना करतो, म्हणून स्तंभ शून्यापासूनच निघाला पाहिजे. रेषालेखाची गोष्ट वेगळी. रुग्णाच्या तापाचा आलेख शून्य अंशापासून काढला, तर ३७ चा ताप ४० वर गेल्याचे डॉक्टरांना नीट दिसणारही नाही. अशा वेळी अक्ष मध्येच सुरू करणे योग्य असते. पण ते स्पष्ट दाखवावे. वहीत त्यासाठी आपण अक्षाच्या मुळाशी नागमोडी खूण करतो. (जाता जाता : जाड, तिरपे, घनाकृती दिसणारे वृत्तालेख पुष्कळ प्लगिने देतात. ते दिसतात छान, पण त्यांत आपल्याकडची फोड उगाचच मोठी वाटते. मला विचाराल तर ते कधीही वापरू नयेत.)

आतापर्यंतच्या चुका कोष्टकात असलेल्या आकड्यांच्या होत्या. ज्या ओळी कोष्टकात घातल्याच नाहीत, त्यांचे काय? याचे एक फार दुःखद उदाहरण आहे.

अमेरिकेचे चॅलेंजर हे अवकाशयान २८ जानेवारी १९८६ रोजी फ्लोरिडातून उडाले आणि ७३ सेकंदांनी त्याचा नाश झाला. त्यातील सातही अंतराळवीर मृत्युमुखी पडले. यानाच्या दोन्ही बाजूंना घन इंधनाची मोठी अग्निबाणे जोडलेली होती. ही अग्निबाणे तुकड्यातुकड्यांनी बनवलेली असत, आणि तुकड्यांच्या सांध्यांतून जळते वायू बाहेर पडू नयेत म्हणून तेथे रबरी कडी बसवलेली होती. थंडीत रबर ताठर होते आणि फट भरून काढायला वेळ लावते. त्या रात्री तेथे तापमान गोठणबिंदूच्याही खाली जाणार होते.

अग्निबाणे बनवणाऱ्या कंपनीच्या अभियंत्यांना ही भीती होतीच. आदल्या संध्याकाळी दूरध्वनीवरून झालेल्या बैठकीत त्यांनी उड्डाण नको असा सल्लाही दिला. मग आधीच्या उड्डाणांचे आकडे पुढे आले. ज्या उड्डाणांत कड्यांना इजा झाली होती, ती उड्डाणे कोणत्या तापमानाला झाली हे पाहिले गेले. सर्वांत थंड उड्डाण सुमारे १२ अंश सेल्सिअसचे. त्यात इजा झाली होती. पण सुमारे २४ अंशांच्या उबदार हवेतही एकदा इजा झाली होती! तेव्हा थंडीचा आणि इजेचा संबंध आहे, असे या आकड्यांवरून ठामपणे दिसेना. अखेर सल्ला मागे घेतला गेला आणि यान उडाले. उड्डाणाच्या वेळी हवेचे तापमान सुमारे २ अंश होते.

अपघाताच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाने त्याच वर्षी अहवाल दिला. त्यात तेच आकडे पुन्हा मांडले होते, पण एका फरकाने : ज्या उड्डाणांत कड्यांना काहीही झाले नव्हते, तीही आयोगाने आलेखात घेतली. आता चित्र काय झाले पाहा. सुमारे १९ अंश किंवा त्याहून अधिक तापमानाची २० उड्डाणे. त्यांपैकी इजा फक्त ३ वेळा. सुमारे १७ अंश किंवा त्याहून कमी तापमानाची ४ उड्डाणे. इजा चारही वेळा. निर्धोक उड्डाणांची माहिती आधीही उपलब्ध होती. ‘काही घडले नाही’ अशा ओळी तुलनेत कोणी घेतल्या नव्हत्या, एवढेच.

चॅलेंजरचे आकडे उत्तमोत्तम प्लगिनात भरले असते, तरी त्याने मिळालेल्या ओळींचाच आलेख काढला असता. कोणत्या ओळी राहून गेल्या आहेत, हे त्याला कळण्याचा मार्गच नव्हता.

आता तुमच्या शाळेच्या पावसाच्या कोष्टकाकडे पाहा. पुष्कळ ठिकाणी ज्या दिवशी पाऊस पडतो, त्याच दिवसाची नोंद करतात. समजा, जूनमध्ये १२ दिवस मिळून ३६० मिलिमीटर पाऊस झाला. कोष्टकात १२ च ओळी असतील, तर प्लगिन सरासरी काढील ३० मिलिमीटर. महिन्याच्या ३० दिवसांची सरासरी आहे १२ मिलिमीटर. आलेखात तर याहून मोठी फसगत होते. समजा, ५ जूनला पाऊस झाला आणि त्यानंतर थेट १९ जूनला. कोष्टकात या दोन ओळी लागोपाठ आहेत, म्हणून आलेखातही त्यांचे स्तंभ खेटून उभे राहतील. मधले १३ कोरडे दिवस नाहीसे! आणि शेतकऱ्याच्या दृष्टीने त्या महिन्यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट ते १३ दिवसच होत. पहिल्या पावसावर पेरलेले बियाणे उगवून करपते ते याच दिवसांत, आणि मग बियाण्याचा खर्च दुसऱ्यांदा सोसून दुबार पेरणी करावी लागते. त्या गावचा आलेख पाहणाऱ्याला मात्र जून कसा छान भरलेला दिसेल!

यावर उपाय दोन. एक म्हणजे तीसही दिवसांच्या ओळी लिहायच्या. पाऊस नसेल तेथे ० आणि मोजला नसेल तेथे घर कोरे. दुसरा म्हणजे तारखेच्या स्तंभाचा प्रकार प्लगिनमध्ये ‘तारीख’ असा निवडायचा. तसे न केल्यास प्लगिन ‘५ जून’ हा नुसता शब्द समजते आणि पुढचा शब्द त्याला चिकटून ठेवते. तारीख असे सांगितले की मधल्या दिवसांची जागा ते आपणहून सोडते.

आणि आलेखाच्या खाली मूळ कोष्टक अवश्य ठेवा. दृष्टिहीन वाचक पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणारा कार्यक्रम वापरतात. त्या कार्यक्रमाला कोष्टक वाचता येते; नुसत्या रंगवलेल्या आलेखातून त्याला बहुधा काहीच सांगता येत नाही. शिवाय एखादा चिकित्सक वाचक तुमचे आकडे घेऊन आलेख स्वतः काढून पाहील. पर्जन्यमापक कोठे ठेवला आहे आणि रोज किती वाजता पाहिला जातो, हेही त्याच कोष्टकाखाली एका ओळीत लिहा. सांताक्रूझ आणि कुलाबा यांची नावे गाळून नुसते ‘मुंबई’ असे लिहिले असते, तर ९४४ आणि ७३ या दोन आकड्यांपैकी खरा कोणता, यावरच वाद चालला असता.