स्वस्त चिकनचं बिल कोण भरतं?

दसरा-दिवाळीच्या सुमारास वाशीम, रिसोड, कारंजाच्या बाजार समित्यांत सोयाबीनची रीघ लागते. या दाण्यातून तेल निघतं ते जेमतेम १८ ते २० टक्के. उरते ती प्रथिनांनी भरलेली पेंड, आणि तिचा मोठा भाग जातो कोंबड्यांच्या खाद्यात. मका आणि सोयापेंडीच्या या खाद्यावर बॉयलर कोंबडी ३५ ते ४० दिवसांत दोन किलोची होते. तेवढ्यात ती साधारण एक किलो सोयापेंड फस्त करते. म्हणजे आपल्याच शिवारातलं सोयाबीन चिकन होऊन आपल्या ताटात परत येतं.

दुकानाच्या फळीवर किलोचा दर लिहिलेला असतो. पण काही खर्च त्यात धरलेलेच नसतात.

पहिला खर्च औषधांचा. एका शेडमध्ये हजारो पक्षी दाटीनं वाढतात, त्यामुळे एकाला झालेला आजार सगळ्यांत पसरायला वेळ लागत नाही. म्हणून अनेक ठिकाणी पक्षी आजारी नसतानाही पाण्यातून किंवा खाद्यातून प्रतिजैविकं दिली जातात. थोड्या प्रमाणातल्या औषधाशी रोज गाठ पडली की त्याला दाद न देणारे जिवाणू तगतात आणि वाढतात. कच्चं मांस, शेडमधली धूळ, सांडपाणी आणि शेतात टाकलेलं कोंबडीखत यांतून ते माणसापर्यंत पोचू शकतात. पुढे एखाद्याला मूत्रमार्गाचा किंवा रक्तातला संसर्ग झाला, की नेहमीचं औषध लागू पडत नाही. मग महागडी इंजेक्शनं, दवाखान्यातला वाढलेला मुक्काम, आणि कधी कधी जिवाशी गाठ.

कोलिस्टिनचं उदाहरण बोलकं आहे. इतर औषधं हरल्यावर डॉक्टर ज्यांच्याकडे वळतात, त्यांतलं हे एक. तेच कोंबड्यांच्या वाढीसाठीही वापरलं जात होतं. २०१५ मध्ये चीनमधल्या शास्त्रज्ञांना डुकरांमध्ये, मांसात आणि रुग्णांमध्येही असा जनुक सापडला, की जो कोलिस्टिनला न जुमानण्याची ताकद एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे सहज नेतो. भारतानं जुलै २०१९ मध्ये खाद्यप्राण्यांसाठी कोलिस्टिनवर बंदी घातली. त्याआधी, २०१४ मध्ये ‘सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट’नं दिल्ली परिसरातले चिकनचे ७० नमुने तपासले होते. त्यांपैकी ४० टक्के नमुन्यांत प्रतिजैविकांचे अंश आढळले.

दुसरा खर्च साथीचा. देशात कोंबड्यांमधला बर्ड फ्लू पहिल्यांदा नोंदला गेला तो फेब्रुवारी २००६ मध्ये, नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला. तिथे लाखो पक्षी मारावे लागले. जानेवारी २०२१ मध्ये परभणीच्या मुरुंबा गावात तो पुन्हा आला. अशा वेळी नुकसानभरपाई सरकारी तिजोरीतून, म्हणजे आपल्याच खिशातून जाते.

तिसरा खर्च थेट वाशीमच्या शेतकऱ्याचा. चिकन स्वस्त ठेवायचं तर पेंड स्वस्त हवी. २०२१ च्या उन्हाळ्या-पावसाळ्यात सोयाबीन चढत चढत क्विंटलला १०,००० रुपयांपर्यंत गेलं. खाद्य परवडत नाही, अशी ओरड पोल्ट्री उद्योगानं केली. ऑगस्टमध्ये केंद्रानं १२ लाख टन सोयापेंड आयातीला परवानगी दिली. नव्या पिकाची आवकही सुरू झाली आणि शेतकऱ्याचं सोयाबीन घरात येईपर्यंत भाव बराच उतरला होता.

मग चिकन सोडायचं का? तसं नाही. कमी खर्चातली चांगली प्रथिनं म्हणून अनेक घरांना त्याचा आधार आहे. फक्त काही गोष्टी पाळाव्यात. कच्चं चिकन नळाखाली धुऊ नये, शिंतोड्यांबरोबर जंतू ओट्यावर पसरतात. त्याची सुरी आणि पाट वेगळे ठेवावेत, हात साबणानं धुवावेत. मांस पूर्ण शिजवावं. शिजवल्यानं जंतू मरतात, पण औषधांचे अंश सगळे जातातच असं नाही. म्हणून पोल्ट्रीधारकांनी पशुवैद्यकाच्या सल्ल्याशिवाय प्रतिजैविक देऊ नये. दिलंच, तर विक्रीआधी ठरलेले दिवस ते बंद ठेवावं. कोंबडीखत चांगलं कुजवूनच शेतात टाकावं.

आणि दोष एकट्या कोंबडीचा नाही. साध्या सर्दीला मेडिकलमधून परस्पर प्रतिजैविक आणून खाणारे आपणही या बिलात भर घालतो. औषधं निकामी होतात तेव्हा ती चिकन खाणाऱ्यासाठी होतात तशी माळकऱ्यासाठीही होतात.