अठ्ठावीस सांध्यांचा हिशेब

संधिवाततज्ज्ञ रुग्णाचा हात हातात घेतात आणि बोटांचा एकेक सांधा अंगठ्याने दाबत जातात. किती दाबायचं तेही ठरलेलं असतं: दाबणाऱ्याच्या स्वतःच्या नखाखालचा भाग पांढरा पडेपर्यंत. दुखलं का? सूज हाताला लागते का? बोटं झाली की मनगटं, कोपरं, खांदे, गुडघे. एकूण 28 सांधे.

दुखरे सांधे किती, सुजलेले किती, रक्तातला दाह दाखवणारी ईएसआर किंवा सीआरपी चाचणी किती आणि आजाराने आपण किती बेजार आहोत याला रुग्णाने स्वतः 0 ते 100 पैकी दिलेले गुण, या चार गोष्टींतून ‘डॅस-28’ हा आकडा निघतो. तो 5.1 च्या वर असेल तर ऱ्हुमॅटॉइड संधिवात भडकलेला, 3.2 पर्यंत उतरला तर बराचसा आटोक्यात, आणि 2.6 च्याही खाली गेला की आजार शांत झाला असं मानतात.

एवढा खटाटोप कशाला, असं वाटेल. पण वेदनाशामक गोळीने ठणका थांबतो आणि आत सांध्यांची हाडं कुरतडली जातच राहतात. अशा वेळी ‘बरं वाटतंय’ हे उत्तर खरं असलं तरी अपुरं असतं.

ग्लासगोमधल्या डॉक्टरांनी 110 रुग्णांवर केलेला अभ्यास 2004 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. निम्म्यांवर नेहमीसारखे उपचार झाले. उरलेल्यांना दर महिन्याला बोलावून आजार किती आहे याचे गुण काढले जात आणि ते उतरले नसतील तर औषध वाढवलं जाई. औषधं मेथोट्रेक्सेट, सल्फासॅलाझीन अशी जुनीच. 18 महिन्यांनी दर महिन्याला मोजलेल्या गटात 65 टक्के रुग्णांचा आजार शांत झाला होता, दुसऱ्या गटात फक्त 16 टक्के. एकूण खर्चही वाढला नाही. दर भेटीत मोजण्याचा आग्रह धरायला याहून भक्कम कारण कोणतं हवं?

सांधा शांत झाला तरी माणसाला घरची कामं जमतात का, हा प्रश्न उरतोच. अमेरिकेत स्टॅनफर्डच्या जेम्स फ्राइज यांनी 1980 मध्ये त्यासाठी एक प्रश्नावली मांडली. भारतीय डॉक्टरांनी ती इथल्या जगण्याला जुळवून घेतली, हे फार मोलाचं काम झालं. साडी किंवा धोतर स्वतःचं स्वतः नेसता येतं का, मांडी घालून बसता येतं का, रिक्षात चढता-उतरता येतं का, भाजी आणायला मंडईत जाता येतं का, हे त्यात विचारलेलं असतं. जमिनीवर बसणाऱ्या माणसाची सुधारणा खुर्चीवरून उठण्याच्या प्रश्नाने कळणार नाही.

डॅस-28 मध्ये एक मोठी फट आहे. घोटे आणि पावलं त्यात मोजलीच जात नाहीत, आणि हा आजार पावलांना तर हमखास धरतो. आकडा 2.6 च्या खाली असूनही सकाळी पाऊल टेकवत नसेल किंवा चपलेचा पट्टा घट्ट होत असेल, तर रुग्णाने ते आपणहून सांगावं आणि डॉक्टरांनी पायही दाबून पाहावेत.